काकूंचं चित्र ओढणारा अँटेना

कृष्णपुऱ्यामागच्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही सुहासिनीकाकूंकडे आला, आणि मुळातच संशयी असलेल्या काकूंना नवं काम मिळालं. काकू शाळेतून रिटायर झालेल्या. अच्युतकाका गेल्यावर घरात एकट्या. रविवारी सकाळी मुलांचे कार्यक्रम लागायचे, कधी बाहुल्यांचे, कधी कार्टूनचे, आणि गल्लीतली आम्ही सगळी पोरं त्यांच्या सतरंजीवर. टीव्हीच्या लाकडी दाराला कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला. कुणी जरा पुढे सरकलं की, "काचेला हात कोणी लावला?" शेवेची थाळी फिरायची तेव्हासुद्धा नजर आमच्या खिशांवर. तरी तसं सुख मला पुढे रंगीत टीव्हीनंही दिलं नाही.

मग आमच्याकडेही टीव्ही आला. दोन्ही घरांची गच्ची एकच, त्यामुळे आमचा अँटेना त्यांच्या अँटेनाशेजारीच उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी काकू दारात.

"दिवाकरजी, तुमचा अँटेना माझं चित्र खेचून घेतोय. कालपासून सगळं धुंधलं दिसतंय."

लहरी हवेत सगळ्यांसाठी असतात, कुणाच्या वाट्याच्या कमी होत नाहीत, असं बाबांनी समजावलं. काकूंना ते काही पटलं नाही. उलट, एवढं समजावतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

आमचा टीव्ही बिनकुलपाचा, म्हणून मुलं हळूहळू आमच्याकडे वळली. काकूंच्या खिडकीतून रिकामी सतरंजी दिसायची. आणि मग चमत्कारिक प्रकार सुरू झाला. आठवडाभर झकास चालणाऱ्या आमच्या टीव्हीवर रविवारी ऐन वेळी नुसत्या मुंग्या. वर जाऊन पाहावं तर अँटेना कुणीतरी फिरवलेला. तोवर मुलं काकूंकडे पळालेली असायची.

"हे काकूंचंच काम, पक्का," बाबा म्हणाले. "आता रंगे हाथ पकडतो."

पुढच्या रविवारी ते मला घेऊन पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. जिन्याचं दार वाजलं. आली ती आई. पदर खोचून तिनं आमचा अँटेना नदीकडे वळवला.

"इंदू, तू?"

आई जराही ओशाळली नाही. "काकू शनिवारीच शेव आणून ठेवतात, सतरंजी झटकतात. मुलं गेली नाहीत की दिवसभर जेवत नाहीत. मी ताट नेऊन देते, ते तसंच परत येतं."

 बाबांनी पुढे होऊन अँटेना आणखी थोडा वळवला. "एवढ्यानं नुसतं चित्र जातं, आवाज जात नाही," म्हणाले.

मी धावत काकूंकडे गेले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गं, तुमचा टीव्ही बरा दर रविवारीच बिघडतो?"

 काकू टीव्हीकडे वळल्या आणि कुलूप उघडता उघडता, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आईला सांग, दुरुस्तीची घाई करू नका म्हणावं."