खासदारसाहेबांची मुलं

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात, बसमध्ये मला एक निवृत्त डॉक्टर काका नेहमी भेटतात. ते युनिव्हर्सिटीत हौसेनं इंग्लंडचा इतिहास शिकतात आणि काही शतकांपूर्वीच्या एका जमीनदार खासदाराबद्दल शेजाऱ्यासारखं बोलतात. "साहेब पुन्हा राजाशी भांडले! बायको जाम वैतागलीय," असं म्हणून स्वतःच हसतात. मला कधीकधी कंटाळा यायचा.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. भेटायला आलेले सगळे म्हणत, "विसर आता. पुढच्या वेळी सगळं नीट होईल."

काकाही आले. माझ्याजवळ येऊन बसले. मग त्यांनी फोनवर त्या जमीनदाराच्या थडग्याचा फोटो दाखवला. दगडात त्याची मुलं ओळीनं कोरली होती. कडेला दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळही होतं.

"हे आठवडाभरही जगलं नाही," काका म्हणाले. "पण साहेबांनी त्यालाही आपल्या मुलांतच धरलं. तुझ्या लेकीचं नाव काय गं?"

हे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. काकांचे ते उपकार मी विसरणार नाही.

"ईरा," मी म्हणाले. आमच्या घरात मी ते नाव पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं.