हळदीच्या गाण्यांना कुलूप

गाण्याला कुलूप लावता येतं, हे मला वसईतल्या एका संस्कृती-संवर्धन मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं. मंडळाचं संकेतस्थळ नुकतंच सुरू झालं होतं. उद्घाटनाचा नारळ संगणकापासून लांब, दाराबाहेर फोडला, एवढं भान कुणीतरी राखलं होतं.

मी गेलो होतो आमच्या इमारतीत केळी विकायला येणाऱ्या, जवळच्या सांडोर गावच्या बाईंसोबत. त्यांच्या आईने गायलेली हळदीची गाणी मंडळाने टेप करून नेली होती. पुढे आई वारली. आता बाईंच्या लेकीची हळद पंधरा दिवसांवर आली होती आणि ती गाणी पुरती येणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

"एक कॅसेट भरून द्या, साहेब. कोरी मी आणलीय."

"बाई, आता सगळं इंटरनेटवर आहे. हवं तेव्हा ऐका. उतरवून मात्र घेता येणार नाही. तशी यंत्रणाच बसवलीय."

"आई माझी आहे हो."

"आई तुमची, संग्रह मंडळाचा."

हे वाक्य अध्यक्षांना फार आवडलं असावं. माझ्याकडे बघून त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

मी विचारलं, "कानाला ऐकू येतं, ते टेपरेकॉर्डरला का येणार नाही?"

"तुम्ही तांत्रिक बाबतीत पडू नका."

घरी येऊन तांत्रिक बाबतीत पडलोच. संगणकाला हेडफोन लागतो तिथे वायरचं एक टोक, दुसरं टेपरेकॉर्डरच्या माइकच्या जागी. संपलं. मंडळाने फाइल जपली होती आणि आवाज जगाला वाटायला काढला होता. एवढं शहाणपण पैसे मोजून विकत घ्यावं लागतं.

अडवलं ते इंटरनेट जिच्यावरून यायचं त्या टेलिफोनच्या लाइनने. दर दोन-तीन ओळींनी गाणं अडकायचं, मग पुढूनच कुठूनतरी सुरू व्हायचं. तीन दिवस खटपट करूनही कॅसेटमध्ये खड्डे राहिलेच.

बाईंनी ती माझ्याकडेच बसून ऐकली. "भाऊ, आई मधेच गप्प होते." मी ओशाळलो. दुसऱ्यांदा लावली, तर पहिल्याच खड्ड्यात त्यांच्या तोंडून गळलेली ओळ आली. त्या स्वतःच दचकल्या. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. कॅसेट घेऊन गेल्या आणि आळीतल्या बायकांना जमवून रोज ऐकवत बसल्या.

हळदीला अध्यक्ष आले. अशा लोकांना आमंत्रण द्यावंच लागतं. बायकांच्या दुसऱ्या गाण्याला त्यांचा चेहरा बदलला.

"बाई, हे आमच्या संग्रहातलं आहे. तुम्ही उतरवून घेतलंत!"

बाईंचे दोन्ही हात हळदीने भरलेले होते. "साहेब, तुमच्या कानात शिरलंय ना आता? ते कसं परत घेणार तुमचं मंडळ?"

बायका खिदळल्या. अध्यक्ष मांडवात टेपरेकॉर्डर शोधू लागले. खुर्च्यांखाली वाकून पाहिलं, स्वयंपाकाच्या बाजूलाही डोकावले. तोवर बायकांनी पुढचं गाणं धरलं होतं आणि नवरी मान खाली घालून तेच पुटपुटत होती.