तारा वाजणारं विमान

वैमानिकाचं कसब कोणत्या विमानात दिसतं, हा प्रश्न औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरात भाजी कोणती करायची या प्रश्नापेक्षा जास्त वेळा निघायचा. निजामी अमदानी होती, लढाई नुकतीच संपली होती आणि चिकलठाण्याच्या मैदानावर हैदराबादहून डकोटा विमान उतरायला लागलं होतं. दोन इंजिनं, आत खुर्च्या, खिडक्यांना काचा. गल्लीतले लोक टांगा करून ते बघायला जायचे आणि परत येऊन ह्यांना सांगायचे, उडवणारा असावा तर असा. हे नुसते हसायचे.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता घेऊन तरी कोणाला हाक मारायची आहे. हैदराबादच्या क्लबात ते विमान चालवायला शिकले आणि इकडच्या एका जहागीरदाराच्या पदरी राहिले. जहागीरदाराला हौस दांडगी होती. त्यानं दुहेरी पंखांचं एक छोटं टायगर मॉथ विकत घेऊन चिकलठाण्याला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. लाकडाची चौकट, वर कापड, बसायला एकामागे एक दोन उघड्या खोबणी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ही तर पतंगाची थोरली बहीण. ह्यांना ते लागलं. दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते.

त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या विमानात यंत्र माणसाला सांभाळून घेतं. या छोट्यात कोणी सांभाळून घेणारं नसतं. वारा जरा फिरला की पंख हलतो, पाय जरा चुकला की शेपूट भरकटतं. कसब असेल तर तेही दिसतं आणि नसेल तर तेही. यात सगळं उघडं पडतं, म्हणून हेच खरं विमान, असं ते अभिमानानं सांगायचे. मलाही तो अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला मैदानावर नेऊन पंखांमधल्या तारा ऐकवल्या होत्या. वरचा आणि खालचा पंख तारांनी ताणून बांधलेला असतो. वारा आला की त्या उभ्या विमानातही गुणगुणायच्या. वेग वाढला की हा आवाज बारीक आणि तीक्ष्ण होतो, वेग उतरला की जाड होत जातो, आणि अगदी थांबला तर समजायचं विमान आता पडणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. वेग दाखवायला समोर एक काटा असतो, पण खरा वैमानिक काट्याकडे बघत बसत नाही, कानानं उतरतो. एवढं सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की लग्नात तरी खुलला होता का असा मला प्रश्न पडला.

पुढं दोन वर्षांनी त्याच तारांपाशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, "वाजतायत ना?"

वारा चांगला होता. तारा वाजत होत्या. मी हो म्हटलं आणि ते का विचारतायत ते मला कळलं. कारण घरात माझ्या बांगड्या त्यांना ऐकू येईनाशा झाल्या होत्या. चिमण्या ऐकू येत नव्हत्या. मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ओ येत नव्हती आणि मी उगाच रुसून बसायचे. हिवतापासाठी पोटभर घेतलेल्या क्विनीननं झालं की इंजिनाच्या आवाजानं, कोण जाणे. जाड आवाज सगळे यायचे, बारीक तेवढे गेले होते. मी विचारलं, आता कसं करायचं? ते म्हणाले, काटा आहे ना. काट्यावर चाललंय सगळं. आणि हे कोणाला सांगायचं नाही.

तेव्हाच त्या डकोटावाल्या कंपनीत वैमानिक घेत होते. जहागीरदाराचा भरवसा उरला नव्हता. राज्याचं पुढं काय होणार हेच कोणाला कळत नव्हतं, तिथं त्याच्या हौसेचं काय? डकोटावर नोकरी लागली तर ह्यांचं उडणं टिकणार होतं, नाही तर संपणार होतं. मोठ्या विमानात तारा नसतात, काटे भरपूर असतात, तिथं माझं निभेल, असं ते म्हणायचे. ज्या विमानाला आजवर नावं ठेवली त्याच्याच आसऱ्याला जायची वेळ आली होती. फक्त एक परीक्षा द्यायची होती, आणि ती घ्यायला हैदराबादहून येणारे जुने कप्तान ह्यांच्याच मताचे निघाले. उमेदवार कसा आहे ते छोट्या विमानातच कळतं, म्हणाले. दसऱ्याचा दिवस ठरला.

सासूबाईंना तर हर्ष झाला. त्या पिशोरच्या. त्यांच्या माहेरी खंडेनवमीला हत्यारं नुसती पुजत नसत, त्यांना घास भरवत. नांगराच्या फाळाला पुरण लावायचं, जात्याच्या तोंडात घालायचं, चरकाला भरवायचं. ज्याच्यावर घर चालतं ते उपाशी ठेवायचं नाही, आणि घास तोंडातच द्यायचा, बाहेर फासायचा नाही. मुलाचं हत्यार विमान. मग खंडेनवमीला पुरणाचं ताट घेऊन आम्ही टांग्यानं चिकलठाण्याला गेलो. त्यांनी पंख्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकापुढं नारळ फोडला. नारळाचे तुकडे मी शेडमधल्या माणसांना वाटत होते, तेवढ्यात सासूबाईंनी ताट घेऊन विमानाला एक फेरी मारली. हे बाजूला हात जोडून उभे होते, हसत होते. त्यांनी आईला कधी कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माळ काढली, कुंकू पुसलं, सगळं हात लावून तपासलं. कप्तान पुढच्या खोबणीत बसले, हे मागच्या. सासूबाई आणि मी शेडच्या सावलीत उभ्या. विमान उचललं तेव्हा सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. वर त्यांनी वळणं घेतली, गिरक्या घेतल्या, सगळं मला तरी देखणं वाटलं. मग इंजिनाचा आवाज उतरला आणि ते मैदानाकडं यायला लागले. लांबून ठीक दिसत होतं. जवळ आल्यावर विमान फार हळू येतंय असं वाटलं, नाक वर राहिलं, आणि दोन माणसांच्या उंचीवरून ते एकदम खाली बसलं. चाकं मोडली, खालचा पंख चिरडला. दोघं चालत बाहेर आले. कप्तानांनी शेवटच्या क्षणी इंजिनाचा जोर वाढवला होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

पुढचं मला ह्यांनीच सांगितलं, एकदाच. उड्डाणाच्या धावेतच वेगाचा काटा हलला नव्हता. कप्तानांच्या समोरचाही नाही. परत फिरायला हवं होतं, पण फिरले असते तर का फिरलात हे सांगावं लागलं असतं आणि कानाचं बिंग फुटलं असतं, कारण कानानं उतरणाऱ्याला काट्याचं अडत नाही. कप्तानही परत फिरा म्हणाले नाहीत. काटा बंद पडल्याचं त्यांना बरंच वाटलं, आता माणसाचं कसब दिसेल म्हणून. उतरताना तारांचा आवाज जाड झाला, मग थांबला. तो कप्तानांना ऐकू आला, ह्यांना नाही.

सासूबाईंना टांग्यात बसवून मी परत आले, तर मोडक्या पंखाशी उभं राहून कप्तान विचारत होते, "तारां सुनाई नै देते क्या?"

हे म्हणाले, "नै."

कप्तान रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्या मागं प्रवासी बसवता येणार नाहीत. ते खरंच होतं, त्यांना दोष तरी काय देणार. कप्तान गेल्यावर शेडमधल्या मिस्त्रीनं पंखाच्या खांबावरची बोटाएवढी नळी सोडवली. तिचं तोंड पुढं उघडं असतं, तिच्यात वारा शिरतो तेव्हा काटा हलतो. मिस्त्रीनं आत तार घातली तर वाळून टणक झालेलं पुरण बाहेर आलं. सासूबाईंनी सगळ्या विमानाला फेरी मारून त्याचं तोंड शोधलं होतं, आणि बरोबर शोधलं होतं.

मला त्यांचा असा संताप आला, की त्या रात्री मी त्यांना पान वाढलं नाही. ह्यांनी वाढलं. मला म्हणाले, आईला यातलं काही कळता कामा नये. आणि आईला सांगितलं, "मी भ्यालो. आता नाही उडणार." इतके दिवस कान लपवायला मी मदत केली होती, आता हेही लपवायचं. मी किती सांगितलं, की कानाचं तरी खरं सांगा. तर म्हणाले, कान सांगितला तर मग काटा कसा चुकला म्हणून ती मिस्त्रीला जाऊन विचारेल, आणि नळीचं निघेल.

जहागीरदारानं ते विमान दुरुस्त केलं नाही. हे मोटारगाड्यांच्या अड्ड्यावर तिकिटं फाडायला लागले. दुपारी डकोटा घरावरून जायचं तेव्हा जेवताना मान वर करायचे नाहीत. सासूबाई मात्र दारात जाऊन बघून यायच्या आणि पाटावर बसता बसता बोलायच्या. त्यांना वाटायचं, आपण घास भरवला म्हणून विमानानं पोराला जिवंत सोडलं. पण पोरानं भिऊन उडणं सोडलं, ते त्यांना सोसत नव्हतं.

"येवढं शिकवलं, अन् एका आपटण्याला भ्यायलास व्हय रे," त्या म्हणायच्या. "तुझ्यात दमच नव्हता."

वर्षानुवर्षं, त्या जाईपर्यंत. मी पाठीमागून पुटपुटायचे, की असं नाही, तुमचा लेक भित्रा नाही. एवढंच बोलायची मला मोकळीक होती. पण सासूबाईंचा आवाज जाड होता, तो ह्यांना शेवटपर्यंत ऐकू यायचा. माझा आवाज बारीक.