चौथ्या प्रकरणाचा आकडा

तुळिंजच्या त्या डीटीपीवाल्या बाईंनी माझा अंत पाहिला. आमच्या घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक त्या लावत होत्या. प्रत्येक शीर्षकाचा आकडा एका बोटाने, देवाला फूल वाहावं तसा टाकायच्या. काकांनी गुपचूप वाडी विकल्याचं चौथं प्रकरण मी काकांच्याच हट्टापायी काढून टाकलं, तरी तिसऱ्यानंतर पाचवंच!

"अहो, कॉम्प्युटर आपोआप नंबर बदलतो!" मी वैतागलो.

चष्मा कपाळावर सरकवत त्या म्हणाल्या, "सर, आमच्या चाळीतली चार नंबरची खोली पाडली. म्हणून पाचवाले चार नंबरवाले झाले का?"

शेवटी "बदलते" म्हणाल्या, पण छापून आलं ते तसंच.

पुस्तक वाटलं त्या दिवशी पहिलं प्रकरण कुणीच वाचलं नाही. सगळे काकांनाच विचारत होते, "चौथं कुठंय?"