शिक्षा मागायला आलेला माणूस

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी शहरातल्या सदर भागात एका जुन्या वकिलांच्या हाताखाली काम शिकत होते. एका दुपारी कोराडीच्या वीज केंद्रातला एक फिटर ऑफिसात आला. चाळिशीचा, अंगात खाकी कपडे, भुवयांवर राख. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"माह्या भावाले म्या मारलं, साहेब," तो म्हणाला. "मले शिक्षा पायजे."

शेताच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी त्याचं वितुष्ट आलं होतं. त्यानं मांत्रिकाकडून भावाच्या नावाची कापडी बाहुली करून आणली आणि तिच्या छातीत सुई खुपसली. भाऊ तेव्हा दुसऱ्या गावात, आपल्या घरी जेवत होता. हातात घास तसाच, आणि तो मागच्या मागे कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो मरावा अशी तुमची इच्छा होती?"

"होती."

"तरी हा खून होत नाही. नुसत्या वाईट मनाला कायदा शिक्षा देत नाही. हातून कृत्य घडावं लागतं, आणि मरण त्या कृत्यानंच आलं हे दिसावं लागतं. इथं सुईनं फक्त कापड टोचलं."

"मंग मले शिक्षा कोण देईन?"

साहेब म्हणाले, "वहिनीला जाऊन सांगा." एकट्यानं जायची त्याची हिंमत होईना, म्हणून मला सोबत धाडलं.

वहिनी ओसरीत तांदूळ निवडत होती. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक हाय, भाऊजी," ती म्हणाली. "त्याईनंबी तुमची केली होती."

ती आत गेली आणि लुगड्यांच्या पेटीतून एक पुरचुंडी घेऊन आली. आत बाहुली होती, खाकी कापडाची. आपल्याच जुन्या शर्टाचा तुकडा त्यानं ओळखला. बाहुलीची छाती कोरी होती. सुई पुरचुंडीच्या कोपऱ्यात टोचून ठेवलेली.

"रोज काढून पाहत अन् ठेवून देत. टोचाले हात नाही उचलला."

गुन्ह्याची तयारी वेगळी, प्रयत्न वेगळा, हे मी कायद्याच्या परीक्षेसाठी घोकलं होतं. तिच्या मांडीवरच्या त्या बाहुलीत ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

"मले द्या, वहिनी," तो म्हणाला. "कन्हान नदीत सोडून देतो."

तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली. "राहू द्या. माही पोरं लहान हायेत."

आवाजात ना राग होता, ना धमकी. पेटीला कुलूप लावून तिनं किल्ली कमरेला खोचली आणि आमच्यासाठी चहा टाकला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरून चहा घेतला.

पुढे वादातलं शेत त्यानं पुतण्यांच्या नावे केलं. कागद आमच्याच ऑफिसात झाले. दर सुगीला तो वहिनीकडे धान्याचं पोतं टाकून येई. सदरला आला की आमच्याकडे डोकावायचाच. बऱ्याच वर्षांनी एकदा मला म्हणाला, "बाई, पोरं मोठी झाली आता. देईन का वहिनी ती बाहुली मले?"

"विचारून पाहा ना."

"नाही होत हिंमत," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.