इच्छापूरला गेलेली वहिनी

तुमच्या आजीच्या आईचं नाव काय होतं? आडनाव नको, तिला पाळण्यात ठेवलेलं नाव सांगा.

हा प्रश्न मला सीमेपलीकडे, हिंदी कारभाराच्या मुलखात, खकनार पोलीस ठाण्यात असताना पडला. नोकरी संपली, वर्दी पेटीत गेली, पण ते प्रकरण मनातून गेलं नाही.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. सत्तरी ओलांडलेली एक बाई नातीचा हात धरून आली. राहणार सिंधीपुरा, माहेर खकनारजवळचं खेडं. सगळे तिला लक्ष्मीआजी म्हणत. (इथली नावं मी बदलली आहेत.) तक्रार काय, तर आई हरवली. कधी? तर आजी स्वतः रांगत होती तेव्हा.

हवालदार हसला. "आजी, आता कुठी सापडंन ती?"

"जित्ती नको सापडू दे. मेली कुठी, तेवढं सांग."

नात म्हणाली, "सर, माहेरचे म्हणतात ती बैराग्यासोबत भाग गई. म्हणून आखाजीला तिची घागर भरत नाहीत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पळून गेलेल्या बाईची कोण भरणार? म्हातारीचं मागणं एवढंच होतं, आपले डोळे मिटायच्या आत आईची घागर भरली जावी.

नातीने आधीच बरीच पायपीट केली होती. जनगणनेतली माणसांची माहिती गोपनीय असते, ती मिळाली नाही. जुन्या मतदार यादीत पणजोबाचं नाव होतं आणि त्याखाली फक्त 'याची बायको'.

गुन्हा दाखल करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी रोजनामच्यात नोंद घेतली आणि म्हातारीच्या काकांना भेटायला गेलो. पळून गेलेल्या बाईचे हे धाकटे दीर, त्या काळातलं एवढंच माणूस उरलेलं. केळीच्या बागेत बाजेवर बसले होते.

"काका, तो बैरागी कसा होता दिसायला?"

"बैरागी राह्यते तसा."

"तुम्ही पाहिला?"

"मायनं सांगतलं ना."

ज्याने पाहिलेलं असतं तो कपडे सांगतो, चाल सांगतो. ज्याने नुसतं ऐकलेलं असतं तो थेट निकाल सांगतो. मी विचारलं, "जाताना काही नेलं का तिने?"

"नेलं ना. घरातला नारळ अन् कोरा खण. माय मरेपर्यंत त्या नारळासाठी बोटं मोडे. पोरगी तापानं फणफणली अन् हे बया नारळ घेऊन चालली."

बैराग्यामागे जाणारी बाई खण-नारळ कशाला नेईल? ती ओटी होती. आणि पोर तापलं की आमच्या भागातली बाई इच्छापूरच्या इच्छादेवीला नवस बोलते.

पूर्वी जन्म-मृत्यूची खबर गावचा कोटवार, म्हणजे चौकीदार, पोलीस ठाण्यात देत असे. इच्छापूर ज्या ठाण्यात येतं तिथल्या जुन्या नोंदी मी काढायला लावल्या. इच्छापूरच्या एका नोंदीशी साल जुळलं. हिंदीत लिहिलं होतं: औरत, उम्र करीब बीस, नाम नामालूम, पति सेवंता बाबा, हैजा. हैजा म्हणजे पटकी.

तिथला मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, म्हणाला, "लो साहब, बाबा तो निकल आया."

मलाही तसंच वाटलं. हे घेऊन म्हातारीसमोर कसं जायचं? पण तक्रारदाराला तपास काय झाला ते सांगावंच लागतं. सिंधीपुऱ्यातल्या तिच्या घरी मी ती नोंद वाचून दाखवली. नातीने मान खाली घातली.

म्हातारी म्हणाली, "परत वाच."

मी पुन्हा वाचलं.

"शेवंता माझं नाव. लग्नात बदललं, लक्ष्मी केलं."

मग उमगलं. मरणाऱ्या बाईला कुणीतरी नवऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असं तिला शिकवलेलं. ती म्हणाली, शेवंताचे बाबा. हिंदी लिहिणाऱ्याने त्याचा 'सेवंता बाबा' नावाचा माणूस केला.

काकांना जाऊन सांगितलं. "वहिनी दादाले तसंच हाका मारे," ते म्हणाले. "शेवंताचे बाबा, जेवाले चला."

पोरीसाठी देवीकडे गेलेली बाई देवीच्या दारात मेली, आणि आपण तिला पळपुटी ठरवून मोकळे झालो. तिच्या चारित्र्यावर बोलायला सगळं गाव होतं, तिला शोधायला इच्छापूरपर्यंत एकजण गेला नाही.

त्या आखाजीला काकांनी घागर मांडली. म्हातारी शेजारी बसली होती, तिने मलाही बोलावलं होतं. पाणी घालताना काकांचा हात थांबला. नाव घ्यायचं होतं, आणि नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी ती वहिनी होती, सासूसाठी सून, सरकारसाठी याची बायको. मुलगी तर बोलायला शिकण्याआधीच पोरकी झालेली.

शेवटी म्हातारीनेच सांगितलं, "शेवंताची माय म्हणा."

तेवढ्याच नावाने पाणी पडलं. तपास मी पुरा केला असं कागदावर आहे. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

गुन्हेगार शोधताना मी माणसांची टोपणनावंसुद्धा पाठ करत असे. घरातल्या बायांची मात्र खरी नावंही आपण पुसून टाकतो, आणि त्याला रीत म्हणतो.

म्हणून एक काम करा. हे वाचून झालं की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचं लग्नाआधीचं नाव विचारा, तिच्या आईचं विचारा, आठवत असेल तर आजीचंही. आणि ती सांगेल ते जसंच्या तसं आजच लिहून ठेवा.