दोन शीटांमधलं गाव

सुमित्राबाई पांढरीपांडे भोपाळला आल्या त्या भांडूनच आल्या. छप्पन्नच्या नोव्हेंबरात नागपूरची राजधानी गेली आणि ऑफिसंच्या ऑफिसं टेबल-खुर्च्यांसकट मालगाडीत चढली. तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, बाईमाणसानं एकटीनं परमुलखात कशाला जायचं? इथंच राहा. आमच्यातलं अर्धं तुम्हाला देऊ." बाई म्हणाल्या, "भाऊजी, अर्ध्यावर राहायची सवय नाही मला." आणि ट्रंक बांधली. चौतिशीची विधवा, ना मूल ना बाळ, आणि तोंड असं! नातेवाइकांनी कपाळाला हात लावला.

त्यांचं काम होतं नकाशे गिरवण्याचं, म्हणजे ट्रेसरचं. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, काळ्या शाईनं रेघ न् रेघ त्यावर उतरवायची, मग त्या कापडावरून निळ्या प्रती निघायच्या. नवरा, अच्युतराव, याच कामावर होता. शेवटची दोन वर्षं त्याच्या डोळ्यांनी दगा दिला, तर बाईंनी घरी खिडकीशी बसून त्याची शीटं पुरी केली आणि ऑफिसला पत्ता लागू दिला नाही. तो गेल्यावर बाराव्या दिवसानंतर सरळ ऑफिसात गेल्या. "गेली दोन वर्षं हे मीच काढतेय. विश्वास नसेल तर समोर बसून काढून दाखवते." दाखवलं. घ्यावंच लागलं. पण घेतलं टेंपररी, आणि टेंपररीचं पर्मनंट करायचं म्हटलं की फाइल कुठं तरी झोपायची. सहा वर्षं झोपलीच होती.

तळ्याच्या दक्षिणेला टेकड्यांवर तेव्हा नवं भोपाळ उठत होतं. सुरुंग, गिट्टी, चुन्याचा वास, आणि एका साच्यातून काढलेली पिवळी क्वार्टरं. घरांना नंबर, रस्त्यांना नंबर, पुढं बसच्या थांब्यांनाही नंबर. कुठं राहता विचारलं की माणसं आकडे सांगायची. जणू काही त्याआधी तिथं कुणी जन्मलंच नव्हतं, मेलंच नव्हतं! अहो, तळ्यापल्याडच्या शहरात नवाबांच्या वेळची माणसं होती, अलीकडं गोंडांच्या वेळची खेडी होती. पण कागदावर काम करणाऱ्यांना रिकामी जागा फार आवडते.

बाईंना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. सकाळी दूध घालायला गेंदाबाई यायची. हबीबगंजच्या वाटेवर इमलीखेडी म्हणून एकोणीस घरांची वस्ती होती, तिथली. साठीच्या पुढची, काटक, चरवी डोक्यावर आणि शिव्या जिभेवर. दोघींचं जमलं यात नवल नाही.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत एका सकाळी गेंदाबाईनं चरवी खाली ठेवली आणि कमरेचा कागद काढून पुढं केला. "बाई, ये पढ़ दो. सब लोग अलग-अलग बताते हैं."

नोटीस होती. नव्या रस्त्याच्या जागेत नाजायज झोपड्या टाकल्या आहेत, त्या पंधरा दिवसांत काढा, नाहीतर सरकार काढील. बदल्यात जागा मिळणार नाही, कारण नकाशावर तिथं वस्तीच नाही.

"नकाशावर नाही म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"वही तो! साहब बोले, गाँव कागज़ में नहीं है. मेरी सास की सास इसी गाँव में ब्याह के आई, और हम कल के आए हुए?" म्हातारीचा आवाज फाटला. "बाई, गाँव कागज़ से गया कैसे?"

बाईंनी नोटीस पुन्हा वाचली. कारण त्या भागाचं शीट त्यांनीच गिरवलं होतं.

त्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी ते बाहेर काढलं. इमलीखेडी नव्हतीच. शीटाच्या डाव्या कडेला इंचभर कोरी पट्टी होती, आणि ती मुद्दाम कोरी ठेवलेली होती. कसं असतं, शेजारशेजारच्या दोन शीटांची कड एकमेकांवर इंचभर चढते. तो इंच दोघांनी काढला तर जोडताना रेघा दुहेरी दिसतात, म्हणून एकानं काढायचा, दुसऱ्यानं सोडायचा. नागपूरची शिस्त अशी की डावीकडचा काढतो, उजवीकडचा सोडतो. बाईंचं शीट उजवीकडचं. त्यांनी सोडला. त्यात काय चुकलं?

डावीकडचं शीट मुजीब मियाँचं होतं. मुजीब मियाँ जुन्या भोपाळ रियासतीचे नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारे, पांढरी दाढी, पेन्शनीला चार महिने उरलेले. बाई शीट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेल्या. "मियाँजी, ही पट्टी तुम्ही का नाही काढली?"

"मैं क्यों बनाता? दाएँ वाला बनाता है," मियाँ म्हणाले. "शुरू तो दाएँ से होता है न, बीबी?"

दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. मियाँचा सगळा जन्म उर्दूत गेलेला. त्यांचं पान उजवीकडून सुरू व्हायचं, म्हणून त्यांच्या ऑफिसात पट्टी उजव्याची. बाईंचं डावीकडून, म्हणून डाव्याची. दोन्ही ऑफिसं एका छपराखाली कोंबली, पण हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोळा इंचाला मैल असा नकाशा, म्हणजे इंचात तीनशेतीस फूट. इमलीखेडी बरोबर तेवढ्यात बसत होती. राज्यं एकत्र झाली म्हणून पेढे वाटले, आणि एक अख्खं गाव मधल्या फटीत पडलं.

मियाँनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह! पूरी बस्ती खा गए हम दोनों."

पण शीटं तपासणारा होता ना? होता. हेड ड्राफ्ट्समन काशिनाथराव. नागपूरचेच, अच्युतरावांचे जुने सोबती, बाईंना धाकट्या बहिणीसारखं मानणारे. पट्टी ओलांडून दोन्ही शीटांवर जाणारा फक्त एक नाला होता. त्याची दोन टोकं तुटलेली दिसली तेव्हा काशिनाथरावांनी मूळ नकाशा न काढता फूटपट्टी लावून दोन रेघा मारल्या, नाला जोडला आणि खाली सही ठोकली. त्या कोऱ्या जागेतून मग ऑफिसच्या साहेबांनी ऐंशी फुटी रस्ता आखला. आखणारच.

बाईंनी सगळं सांगितल्यावर काशिनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दार लोटलं. "सुमित्रा, मूग गिळून बस. नकाशा कमिटीनं मंजूर केलाय. तुझी पर्मनंटची फाइल याच महिन्यात वर गेलीय, मी स्वतः ढकललीय. आता चूक म्हणून बोललीस तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. आणि माझी सही आहे खाली. माझ्या घरी तीन मुली आहेत गं."

"आणि त्यांच्या घरी कुणी नाही का?"

"अगं, सरकार कुठं तरी सोय करील त्यांची."

"नाही करणार. नोटिशीत लिहिलंय स्पष्ट. नकाशावर असते तर केली असती." बाईंचा आवाज चढला. "भाऊ, मी अच्युतरावांचे डोळे गेले तेव्हा सुद्धा एक रेघ खोटी मारली नाही. ही तर एकोणीस घरं आहेत!"

"तू तरी काय करणार?"

"जे काढायचं राहिलं ते काढणार."

आणि काढलं. चोरून नाही हं. भर ऑफिसात, सकाळी अकरा वाजता, सगळ्या टेबलांच्या देखत. मुजीब मियाँनी जुना उर्दू नकाशा काढला. पेन्शनची भीती होती, पण काढला. उर्दूतलं ते वाचून दाखवत गेले आणि बाई कापडावर उतरवत गेल्या. घरं एकोणीस, विहीर एक, खळं, चिंचेची तीन झाडं, गावदेव खेडापतीचा ओटा. मधोमध देवनागरीत नाव घातलं, इमलीखेडी. नाल्याची खोटी रेघ ब्लेडनं खरवडून त्याचं खरं वळण दिलं. मग कोपऱ्यात, जिथं ट्रेसरनं बारीक आद्याक्षरं टाकायची, तिथं पुरं नाव लिहिलं: 'दुरुस्ती. वस्ती आधीपासून होती, गिरवताना राहिली. सुमित्रा अच्युत पांढरीपांडे. १४ जानेवारी १९५८.' मियाँनी खाली उर्दूत सही केली. काशिनाथराव खिडकीबाहेर बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिघांना बोलावलं. साहेब लखनौकडचे, तरुण, हुशार, आणि राजधानी उभी करायला आपल्याशिवाय कुणी नाही याची खात्री असलेले. टेबलावर कापड पसरलं होतं.

"मंज़ूर नक्शे पर हाथ किसने लगाया?"

"मी," बाई म्हणाल्या. हिंदी त्यांना येत होती, पण रागात मराठीच यायची. "मैंने. नाव लिहिलंय खाली."

"आपको पता है रास्ता मोड़ने का मतलब? छह महीने की देर! एक ट्रेसर शहर बनाएगी अब?"

"शहर तुम्ही बनवा, साहेब. पण गाव तिथं होतं. मी विसरले म्हणून ते नव्हतं असं होत नाही."

साहेबांनी टेबलावरचं ब्लेड उचलून बाईंपुढं सरकवलं. "खुरचिए इसे. अभी. मैं भूल जाऊँगा कि यह हुआ था. आपकी फ़ाइल भी मेरे ही पास है."

मियाँ पुटपुटत कसली तरी दुवा म्हणत होते. बाईंना एका क्षणात सगळं दिसलं, पिवळं क्वार्टर, पर्मनंटचा कागद, दिराचं ते अर्धं. भीती वाटली का? वाटली तर! पण त्यांनी ब्लेड उचललं, उलटं फिरवलं आणि साहेबांच्या हाताशी ठेवलं.

"तुम्ही खरवडा. आणि खाली लिहा, वस्ती होती, मी काढून टाकली. सही करा, तारीख घाला. बस्स."

साहेब लालबुंद झाले. त्यांनी ब्लेडला हात लावला नाही. "काशिनाथजी, आप कीजिए."

काशिनाथराव पुढं आले. चष्मा पुसला, परत लावला. त्यांनी ब्लेड घेतलं, खिशात टाकलं, आणि खिशातूनच पेन काढलं. दुरुस्तीच्या खाली, तपासणाऱ्याच्या जागी, त्यांनी आपली सही केली. आडनाव वाकडं आलं.

"सर, नाला मैंने ग़लत जोड़ा था," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बाकावर बसले.

तीन सह्यांचा कागद खरवडायची हिंमत कुणाची? नोटीस मागं घेतली गेली. रस्ता वळवला. पण सरकारी राग कुठं जाणार? मियाँची पेन्शन वर्षभर रखडली. काशिनाथरावांना जबलपूरला पाठवलं. आणि बाईंना एकतीस मार्चनंतर तुमची गरज नाही, पंधरा दिवसांत क्वार्टर सोडा, असं पत्र आलं. नागपूरहून दिराचंही पत्र आलं, आता तरी शहाण्या व्हा आणि परत या. बाईंनी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं, "मी शहाणीच आहे. पत्ता बदलला की कळवते."

गेंदाबाईला कुणी सांगितलं देव जाणे. ती बैलगाडी घेऊन दारात उभी. "चलो."

"कुठं?"

"घर. और कहाँ?"

बाई आढेवेढे घेऊ लागल्या तर म्हातारी कडाडली, "गाँव बचाने आई तब तो पूछा नहीं हमसे!" ट्रंक तिनंच गाडीत टाकली.

गावानं आठ दिवसांत गेंदाबाईच्या भिंतीला लागून एक खोली उभी केली. दगड नव्या रस्त्यावरच्या ढिगातले होते. कुणाला विचारून आणले, ते विचारू नका. उजेडाची मोठी खिडकी मात्र बाईंनी हट्टानं मागून घेतली. नव्या शहरात ठेकेदारांना ट्रेसर मिळत नव्हते. ते गाडीवाटेनं शीटं घेऊन इमलीखेडीत यायचे आणि काम होईपर्यंत चिंचेखाली बसायचे. बाई त्यांच्याकडून आधी एकच गोष्ट विचारून घ्यायच्या, कड कुणी काढायची.

पावसाळ्यानंतर घरांवर नंबर टाकायला एक कारकून आला. हातात डांबराचा डबा, काखेत बाईंच्याच शीटाची निळी प्रत. एक ते एकोणीस झाले. मग तो या खोलीपुढं थबकला. प्रत उलटी केली, सुलटी केली.

"बाईजी, नक्शे में उन्नीस घर हैं. यह बीसवाँ तो नाजायज़ है."

बाई शीटावरून उठल्या. बोटांना शाई होती. "बघू."

त्यांनी ती प्रत घेतली, खिडकीच्या कट्ट्यावर पसरली, आणि गेंदाबाईच्या घराला चिकटवून एक छोटा चौकोन काढला. खाली लिहिलं: 'हे घर एप्रिल १९५८ मध्ये बांधलं. आधी नव्हतं.' नाव घातलं, तारीख घातली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"तेव्हा एकोणीस होती, मीच मोजली. आता वीस आहेत. टाका नंबर."

कारकुनानं मान वर केली. आजूबाजूला सगळा गाव जमला होता, गेंदाबाई कमरेवर हात ठेवून पुढं उभी. त्यानं डब्यात कुंचला बुडवला आणि दारावर वीस लिहिलं.